साडेबाराची नोंद

१

माझं काम काय, हे मी शालनबाईंना एकदा समजावून सांगायला गेले. शालनबाई रावेत गावठाणातल्या. मी कंपनीत असते तेव्हा माझ्या मुलीला सांभाळतात. मी म्हटलं, कंपनीत जेवढी यंत्रं नेटवर्कला जोडलेली असतात, म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर, शॉप फ्लोअरवरचे स्कॅनर, त्या प्रत्येकाला एकेक पत्ता लागतो. यंत्र सुरू झालं की आधी पत्ता मागतं आणि एक सर्व्हर तो देतो. त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे. शालनबाईंनी गार्गीला थोपटता थोपटता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पोस्टात हाय म्हना की तुमी."

माझ्या वडिलांना ते लवकर कळलं. ते धाराशिवकडून आकुर्डीला कामाला आले तेव्हा कॉट बेसिसवर राहिले होते. खोलीत कॉट चार आणि माणसं बारा. एक जण पाळीवर गेला की दुसरा पाळीवरून येऊन त्याच कॉटवर आडवा व्हायचा. गादी कायम गरम, असं वडील सांगतात. पत्त्यांचंही तसंच. पत्ते मोजके, यंत्रं जास्त. म्हणून पत्ता कोणाला देऊन टाकायचा नसतो, मुदतीने वापरायला द्यायचा असतो. आमच्याकडे मुदत आठ तासांची, म्हणजे एका शिफ्टची. ती अर्धी सरली की यंत्र स्वतःहून येऊन विचारतं, पुढे राहू का? सर्व्हर म्हणतो, राहा. विचारलंच नाही, तर मुदत संपल्यावर तो पत्ता दुसऱ्याला.

"आणि एकाच कॉटवर दोघं एकदम आले तर?" मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं.

"यायचे की कधी कधी. मग एक निजायचा, दुसरा भिंतीला धरून उभा राहायचा. बोलायचं नाही. निजलेल्याची झोप मोडायची नाही, असा नियमच होता."

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

२

चूक माझी आहे, हे आधीच सांगते. म्हणजे निदान एवढं तरी नक्की असू दे.

गार्गीच्या वेळी मी बाळंतपणाच्या रजेवर असताना कंपनीतला जुना सर्व्हर शेवटच्या घटका मोजत होता. आमचे साहेब, ज्ञानेश सर, यांनी नवा सर्व्हर कंपनीच्या गाडीतून रावेतला माझ्या घरी पाठवला. "घरबसल्या जमलं तर बघ, घाई नाही," म्हणाले. घाई नाही म्हणजे किती घाई आहे, ते नोकरी करणाऱ्याला कळतं. नाही म्हणायला मला अजून येत नाही.

गार्गीला कावीळ झाल्यामुळे आम्ही बारा दिवस दवाखान्यात होतो आणि बारसं लांबलं होतं. घरात सगळे तिला नुसतं बाळ म्हणायचे. तिच्या पायात दवाखान्याचा प्लॅस्टिकचा पट्टा तसाच होता, त्यावर इंग्रजीत 'बेबी ऑफ विजयश्री'. मी एका हाताने तिला पाजत आणि दुसऱ्याने टाइप करत तो सर्व्हर उभा केला. चाचणीसाठी घरचीच यंत्रं जोडली: माझ्या नवऱ्याचा, सुजितचा फोन, टीव्ही, आणि बाळाच्या कॉटवर लावलेला कॅमेरा. कॅमेऱ्यासाठी मी एक पत्ता राखून ठेवला, शेवटचा आकडा सत्त्याहत्तर. नोंदीला नाव द्यावं लागतं. मी लिहिलं, 'बाळ'.

मग बारसं झालं. सासूबाईंनी कानात गार्गी म्हटलं, पायातला पट्टा कात्रीने कापून मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवला, आणि सर्व्हर चाकणला, आमच्या कंपनीत गेला. शिस्तीच्या माणसाने घरच्या नोंदी आधी पुसल्या असत्या. मी टीव्ही आणि फोन पुसले. 'बाळ' पुसायची राहिली.

सहा महिन्यांनी मी कामावर परतले तेव्हा एचआरने माझ्यासाठी हिरकणी कक्ष तयार ठेवला होता. पूर्वीची औषधांची खोली. खिडकी नाही. एक झुलती खुर्ची, लहान फ्रिज, दाराला आतून कडी. भिंतीवर कडा उतरणाऱ्या हिरकणीचं चित्र, गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी अंधारात खाली निघालेली. मी रोज साडेबाराला तिथे बसून पंपाने दूध काढायचे आणि चित्राकडे बघायचे. बाईला निदान कडा तरी होता. मला सव्वापाचची बस.

३

परतल्यावर तीनेक महिन्यांनी, एका मंगळवारी, मी चालू पत्त्यांची यादी चाळत होते. सत्त्याहत्तरवर हिरवा ठिपका होता. नाव: बाळ. घेतल्याची वेळ सकाळी आठ एकतीस.

राखीव नोंद पडून असणं वेगळं आणि पत्ता कोणीतरी घेणं वेगळं. कॉट राखून ठेवलेली असते. इथे तिच्यावर कोणीतरी निजलं होतं. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून येतो तो एक लांबलचक क्रमांक असतो, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. मी तो बघितला. तो आमच्या कॅमेऱ्याचाच होता, आणि कॅमेरा रावेतला कॉटवर टांगलेला होता. मी फोनवर उघडून खात्री केली. गार्गी पालथी पडून चादरीचं टोक चघळत होती.

मी ज्ञानेश सरांना सांगितलं. ते म्हणाले, स्वस्तातल्या कॅमेऱ्यांना कंपन्या एकच क्रमांक सर्रास छापतात, कोणीतरी तसाच कॅमेरा आणून जोडला असणार. मग हसून म्हणाले, "आणि बाळ तुझ्याआधी पंच करत असेल तर कौतुकच आहे. तू आज किती वाजता आलीस?"

आठ एकतीसला. कार्ड दाखवून मी फाटकातून आत आले, ती तीच वेळ होती. तळवड्याच्या चौकात बस अडकली नाही, म्हणून लक्षात होतं.

साडेबाराला मी हिरकणी कक्षात गेले. खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. बैठक गरम होती. कक्षाचं दार मी बाहेरून किल्लीने उघडलं होतं, आणि कंपनीत दूध पाजणारी दुसरी बाई नाही. मी स्वतःला सांगितलं, फ्रिजची गरम हवा मागून येते. फ्रिज खुर्चीच्या समोर आहे.

परत येऊन यादी पाहिली. बाळने साडेबाराला मुदत वाढवून घेतली होती.

४

त्याच आठवड्यात दूध आटलं. म्हणजे आटलंही नाही, हेच मला नीट सांगता येत नाही. सकाळभर छाती भरून जड व्हायची, आणि साडेबाराला खुर्चीवर बसून पंप लावला की चार थेंब. जणू आत्ताच कोणी पिऊन गेलंय. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या ताण घेऊ नका. ताण घेऊ नका हे ऐकल्यावर मला नेहमी ताण येतो.

घरी शालनबाईंची वेगळीच तक्रार. दुपारची बाटली गार्गी तोंडात घेईना. फ्रिजमधलं साठवलेलं दूध वाया चाललेलं. मी घाबरून विचारलं, अंग गरम आहे का, सुस्त आहे का?

"काय बी न्हाई ताई. खेळतीया. साडेबाराला येक ढेकर देती आन् निजती. पोट भरल्यालं हाय तिचं." मग बाटली विसळता विसळता, "तुमी काय दुपारी येऊन जाता का काय?"

त्या हसल्या. मीही हसले. वजन करून आणलं तर महिन्यात सहाशे ग्रॅमनी वाढलेलं. सुजित म्हणाला, "विजू, पोरगी खात नाही म्हणून रडायचं की वाढली म्हणून, ते एकदा ठरव. मग मी पण रडतो."

रविवारी मात्र ती माझ्यापाशी दिवसभर प्यायची, ओरबाडून, चावून, हक्काने. मी सर्व्हरची रविवारची यादी घरून काढून पाहिली. रविवारी सत्त्याहत्तर रिकामा असायचा. ज्या दिवशी मी चाकणला, त्याच दिवशी बाळ चाकणला.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला वाक्य जुळवलं की त्यात मी वेडी दिसायचे. त्याऐवजी बाणेरच्या एका कंपनीची घरून करायची नोकरी घेतली आणि राजीनामा दिला. मला एवढंच हवं होतं, की दुपारीही माझ्या मुलीने माझंच दूध प्यावं, माझ्याच मांडीवर. ज्ञानेश सर म्हणाले, नोटीस नव्वद दिवसांची, त्यातला एकही कमी होणार नाही.

नव्वद दिवसांत तिला माझी गरज उरली नसती.

५

यंत्र कुठून जोडलंय ते शोधता येतं. प्रत्येक भिंतीतल्या सॉकेटची वायर आमच्या सर्व्हर रूमपर्यंत येते आणि तिच्यावर चिठ्ठी असते. इतके दिवस मी ते केलं नव्हतं. का नव्हतं, ते ती चिठ्ठी वाचल्यावर कळलं. हिरकणी कक्ष, पूर्व भिंत.

मी जाऊन पाहिलं. खुर्चीच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर सॉकेट होतं. त्यात काहीच खोवलेलं नव्हतं. धूळही नव्हती. बाकी खोलीत भिंतीच्या तळाच्या पट्टीवर धूळ होती, फक्त त्या एका चौकोनावर नव्हती, कोणी रोज जवळून श्वास सोडावा तसा तो पुसलेला, स्वच्छ होता.

मागे दारात सुमनताई उभ्या होत्या. त्या आमच्याकडे झाडलोट करतात, जालन्याच्या आहेत, आणि कक्षाची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते. त्यांनी आत येऊन दार लोटून घेतलं.

"मॅडम, एक विचारू का? रागावू नका. मी कुणाला सांगणार नाही."

"विचारा की."

"तुम्ही बाळाला घेऊन येता का हो इथं?"

मी म्हटलं, सुमनताई, फाटकावर डबासुद्धा उघडून बघतात, बाळ कुठून आणू?

त्यांना ते पटलं नाही. आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "रोज दुपारी मी खुर्चीच्या हातावरची गुळणी पुसते. बाळानं काढलेली. मला आधी वाटलं, दूध सांडलं असेल तुमच्याकडून. पण माझी तीन पोरं झाली, मॅडम. आईच्या अंगावरच्या दुधाचा वास येगळा आणि बाळाच्या पोटातून परत आलेल्या दुधाचा येगळा. ते फाटलेलं असतंय."

त्यांनी फडकं पुढे केलं. मी वास घेतला. घ्यायला नको होता. तो वास मला ओळखीचा होता, माझ्या खांद्यावरच्या प्रत्येक ओढणीला तो येतो. माझ्या दोन्ही बाजूंनी कुर्ता भिजला. पान्हा फुटायला आईला विचारावं लागत नाही.

६

बुधवारी सव्वाबाराला मी पूर्व भिंतीची वायर उपटली आणि नोंद पुसून टाकली. पुसण्याआधी यंत्र नेहमीसारखं विचारतं, नक्की? मी म्हटलं, नक्की. पत्ता मोकळा झाला. मला इतकं हलकं वाटलं, की मी कॅन्टीनमध्ये जाऊन चहा घेतला.

बारा पस्तीसला शालनबाईंचा फोन आला. त्यांच्या आवाजाआधी गार्गीचा आवाज आला. असं रडणं मी तिचं ऐकलं नव्हतं; आवाज नऊ महिन्यांच्या मुलीचा नव्हताच, तो दवाखान्यातल्या पहिल्या दिवसांतला होता, बारीक, फाटका, एकसुरी. शालनबाई म्हणत होत्या की साडेबाराला दचकून उठली, बाटली घेईना, पाणी घेईना, ओठ निळे पडायला लागलेत. मी कॅमेरा उघडला. गार्गी कॉटमध्ये आडवी होती आणि दोन्ही पाय पोटाशी आखडून घेत होती.

रावेतला पोचायला दुपारच्या रहदारीत सव्वा तास. सुजित तळेगावच्या कंपनीत, त्याला पाऊण तास. मी त्याला फोन लावला आणि त्याच हाताने नोंद परत टाकली. सत्त्याहत्तर, बाळ, आठ तास. वायर जोडायला धावत गेले तर ठिपका आधीच हिरवा झालेला. वायर माझ्या हातात होती.

फोनवर उघडलेल्या कॅमेऱ्यातलं रडणं थांबलं. हळूहळू थांबलं असतं तर मी मानलं असतं. कात्रीने कापावं तसं थांबलं. मग एक ढेकर.

सुजित घरी पोचला तेव्हा ती हसत होती. त्याने मला तिचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, गॅस असेल. असेलही. मी इंजिनिअर आहे. एका प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. सिद्ध करायचं तर तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो. कोणती आई तो दुसऱ्यांदा करेल?

७

शनिवारी मला एक युक्ती सुचली. पुसायचं नाही, मुदत कमी करायची. आठ तासांऐवजी दहा मिनिटं. पाळी छोटी केली की कॉटवरचा माणूस लवकर उठेल, असा माझा हिशेब. नुसता हिशेब बघितला तर हुशारीचा.

साडेबाराला बाळने विचारलं आणि त्याला दहा मिनिटं मिळाली. मी त्याच वेळी कक्षात, कडी लावून, मांडीशेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. बारा पस्तीसला पुन्हा पान्हा फुटला. बारा चाळीसला पुन्हा. मग माझ्या लक्षात आलं. मुदत संपायची वाट कोणीच बघत नाही. ती अर्धी झाली की विचारायला येतात. मी पाळी छोटी केली नव्हती. मी त्याला दर पाच मिनिटांनी मागायला लावलं होतं. शिकाऊ पोरं करतात ती चूक.

शालनबाईंचा फोन: पोरगी दर पाच मिनिटांनी दचकून उठते, किंचाळते, गप होते. मी म्हटलं, मांडीवर घ्या. दुसरं काय म्हणणार? कक्षाच्या बाहेर पाऊल टाकलं की इकडे खुर्ची करकरायची आणि तिकडे फोनमधलं रडणं वाढायचं. बसले की कमी व्हायचं. तीन वेळा दारापर्यंत गेले. तीन वेळा परत आले. आठ तासांची मुदत परत लिहिली असती तर तेवढ्यापुरतं शांत झालं असतं, हे मला दिसत होतं. पण मग सोमवारी साडेबारा, मंगळवारी साडेबारा, आणि असे अजून ऐंशी-पंच्याऐंशी साडेबारा.

पाच वाजता कंपनीच्या आवारात बसने हॉर्न दिला. माझा कुर्ता पोटापर्यंत ओला होता. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी त्या दिवसापर्यंत मला सुचली नव्हती. सत्त्याहत्तर हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून उघडला. पासवर्ड विचारला. मी आमच्या घरचा टाकला.

चित्र याच खोलीचं होतं. खालून घेतलेलं, सॉकेटच्या उंचीवरून. माझे गुडघे, माझी खुर्ची, मांडीवर पसरलेली माझी ओढणी. ओढणीच्या काठाखालून एक टाच बाहेर आली होती. नऊ महिन्यांची नाही. अंगठ्याएवढी, सुरकुतलेली, पिवळसर. घोट्यावर प्लॅस्टिकचा पट्टा. पिताना बाळाची टाच हलते तशी ती हलत होती.

मी मांडीकडे पाहिलं. ओढणी सपाट होती.

स्क्रीनकडे पुन्हा बघायचं धैर्य झालं नाही. मुदतीच्या चौकटीत आकड्याऐवजी एक शब्दही लिहिता येतो: कायम. ज्याला पत्ता कायमचा दिला, त्याला पुन्हा विचारायला यावं लागत नाही. मी फार थकले होते. मला इतकंच हवं होतं, की कोणी काही मागू नये. मी तो शब्द लिहिला आणि पाच पाच झाले, पाच दहा झाले, आणि कोणी काही मागितलं नाही. सव्वापाचची बस मला मिळाली.

८

घरी पोचले तेव्हा शालनबाई चपला घालत होत्या. म्हणाल्या, "पाचनंतर हूं न्हाई का चूं न्हाई. लई शानी झाली." गार्गी कॉटमध्ये होती. मला बघून हसली नाही, रडलीही नाही. मी ते पथ्यावर पडलं असं समजले आणि स्वयंपाकाला लागले.

रविवारी सकाळी सुजितच्या हाकेने जाग आली. गार्गी उभी होती. कॉटच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून, भिंतीच्या बाजूला, एकदम कडेला. नऊ महिन्यांत उभी राहिली म्हणून सुजितने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी फुलं पाठवली, कोणी लिहिलं, आजोबांसारखी काटक आहे.

मी तिला आडवं केलं. ती आवाज न करता पुन्हा उठून कडेला उभी राहिली. दूध दिलं तर प्यायली, दिलं नाही तर मागितलं नाही. तो रविवार होता, माझा दिवस होता, आणि तिने एकदाही माझा पदर ओढला नाही. मांडीवर घेतलं तर ताठ राहायची, मान कॉटकडे. दुपारपर्यंत तिचे गुडघे थरथरायला लागले. ती माझ्याकडे बघत नव्हती. कॉटच्या मधोमध, रिकाम्या जागेकडे बघत होती, आणि श्वाससुद्धा बेताने घेत होती.

मी त्या जागी तळवा ठेवला. गादी गरम होती.

नोंद मी पुसली. अर्थात पुसली. मग सर्व्हरच दहा मिनिटं बंद करून पाहिला. पण कायमचा दिलेला पत्ता वापरायला कोणाला सर्व्हर लागत नाही. ज्याच्याकडे आहे तो वापरत राहतो. हे मीच नव्या मुलांना शिकवते.

सोमवारी मी चाकणला गेले ते फक्त हे कोणालातरी सांगायला. कोणाला, ते ठरलं नव्हतं. साडेबाराला पाय आपोआप कक्षाकडे वळले. खुर्चीवर बसले, ओढणी पसरली, आणि पान्हा फुटला. पाच मिनिटांनी शालनबाईंचा फोन आला, कुजबुजत. "निजली बगा ताई. सकाळपासनं हुबी व्हती. आत्ता कुठं आडवी झाली, साडेबाराला. मधोमध, पाय पसरून." मी एक वाजता उठले. एक वाजून दोन मिनिटांनी ती उठून उभी राहिली.

मी राजीनामा मागे घेतला. ज्ञानेश सर खूश झाले, म्हणाले, "म्हणजे हिरकणी गडावरच राहिली." आता मी कक्षातच लॅपटॉप घेऊन बसते, सुमनताई दारावर पाटी लावून जातात आणि काही विचारत नाहीत. गार्गी दिवसा पाच-सहा तास निजते. डॉक्टर म्हणतात, पाय मजबूत आहेत. रात्री ती कठड्यावर डोकं टेकून उभ्या उभ्या पेंगते, आणि सुजित म्हणतो, सवय जाईल.

मागच्या महिन्यापासून मी रविवारीही जाते. ओव्हरटाइम म्हणून लिहून दिलंय. रविवारच्या बसला सात-आठच माणसं असतात. कक्षात येऊन कडी लावते, बसते, ओढणी नीट पसरते. खाली बघत नाही. घरून सुजितचा एकच शब्द येतो, निजली. मग मी थोपटायला लागते.